भरून ठेवली म्हणजे जपली असे नव्हे

आपल्या वस्त्यांमधील बरीच मुले आता लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात आहेत. कॅमेऱ्याबरोबर ड्रोनही लागतो. कोणी कर्ज काढून घेतो, कोणी आईचे दागिने गहाण ठेवून. पावसाळा लागला की काम थंडावते आणि ड्रोन पेटीत जातो.

अशाच एका घरी परवा जाणे झाले. मुलाने जूनमध्ये तीन बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून पत्र्याखालच्या माळ्यावर, गाद्यांशेजारी ठेवल्या होत्या. ऑक्टोबरात काढून पाहतो तर एक पावासारखी फुगलेली. वडिलांनी सारी उमर रिक्षा चालवली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मीच सांगितले होते त्याला, बॅटरी भरूनच ठेव."

त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. रिक्षाची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी शिसे आणि आम्लाची असते. ती उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर क्षार घट्ट बसतो आणि ती निकामी होते. म्हणून ती भरून ठेवतात. ड्रोनची बॅटरी लिथियमची. तिचा स्वभाव निराळा. ती भरून महिनोन्‌महिने ठेवली की आतले द्रव्य बिघडते, वायू तयार होतो आणि ती फुगते. उष्णतेने हे अधिक लवकर होते. अगदी रिकामी ठेवणेही वाईट. एका सेलचा दाब ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतले तांबे विरघळू लागते, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकते.

म्हणून ती ठेवायची अर्धी भरून. बॅटरीवर चार दिवे असतील तर दोन दिव्यांपर्यंत. साध्या लिपो बॅटरीत भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. ठेवताना तो साधारण ३.८ वर असावा. अनेक चार्जरना यासाठी 'स्टोरेज' असे वेगळे बटण असते. काही महागड्या बॅटऱ्या काही दिवसांनी आपोआप थोड्या उतरतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

बॅटरी ड्रोनमधून काढून ठेवावी. जागा कोरडी व थंड असावी. पत्र्याखालचा माळा, चुलीची बाजू, खिडकीतले ऊन टाळावे. फ्रीजमध्येही नको, तेथे ओल धरते. चिल्लर, किल्ल्या, खिळे यांच्या डब्यात ती कधीच टाकू नये. फरशीवर, सैल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. झाकण घट्ट असेल तर वायू कोंडतो. डबा अंथरुणाजवळ नको आणि बाहेर पडण्याच्या वाटेतही नको. एकाच खोलीच्या घरात हे विशेष पाहावे. दर दोन-तीन महिन्यांनी काढून चार्ज तपासावा. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नये.

त्या घरची माउली म्हणाली, "भाऊ, सुई टोचून हवा काढली तर चालेल का? हजारो रुपयांची वस्तू आहे." ताई, मुळीच नाही. टोचल्याबरोबर ती पेट घेऊ शकते आणि तिचा धूर विषारी असतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, चार्ज करू नये, पुन्हा उडवू नये. उघड्या जागी, वाळूच्या बादलीत वेगळी ठेवावी. घरात बॅटरी पेटलीच तर वस्तू वाचवण्यात वेळ न घालवता आधी सर्वांना बाहेर काढावे व १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

ती फुगलेली बॅटरी पुढे कचऱ्यात जाऊ देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या व आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. दुकानदाराला विचारा, ई-कचरा केंद्रावर द्या. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली किंवा भंगारात हातोडीखाली आली, तर आग लागते ती तेथे राबणाऱ्याच्या हाताशी. तो हात बहुधा आपल्याच एखाद्या भावाचा किंवा बहिणीचा असतो.

त्या घरातल्या उरलेल्या दोन बॅटऱ्या फुगलेल्या नव्हत्या. आम्ही त्या माळ्यावरून खाली आणल्या. वडिलांनी स्वतः डब्यावर कागद चिकटवून लिहिले : 'अर्धीच भरावी.'