विश्लेषण : रायफलचा ‘बायपॉड’ कसा पारखावा? शिकारी आणि स्पर्धक यांची निवड वेगळी का?

लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या चित्रफितींमध्ये रायफलच्या पुढच्या बाजूला दोन पायांचा टेकू हमखास दिसतो. त्यालाच ‘बायपॉड’ म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये तो दिसत नाही, कारण तिथे टेकू लावून गोळी झाडण्याची परवानगीच नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील शिकारी व लांब पल्ल्याचे स्पर्धक मात्र या उपकरणावर शंभर डॉलरपासून पाचशे डॉलरहून अधिक रक्कम खर्च करतात. भारतातही एअर रायफल बाळगणारे हौशी नेमबाज ऑनलाइन बायपॉड मागवतात. हा टेकू नेमके काय करतो, चांगला कसा ओळखायचा आणि आपल्याकडे त्याचा उपयोग किती, याचा हा आढावा.

बायपॉड म्हणजे काय?

रायफलच्या पुढच्या भागाला खालून जोडलेले आणि दुमडता येणारे दोन पाय म्हणजे बायपॉड. रायफलचा मागचा भाग नेमबाजाच्या खांद्याला लागतो आणि बहुतेक वेळा त्याखाली छोटी वाळूची पिशवी असते. म्हणजे रायफलचे वजन हातांवर न राहता जमिनीवर जाते. बायपॉडचे मूळ लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रेन गनपासून भारतीय लष्कराच्या इन्सास हलक्या मशीनगनपर्यंत अनेक शस्त्रांना असे पाय आहेत.

त्यामुळेच १९८९ मध्ये अमेरिकेच्या शस्त्र नियामक यंत्रणेने आयात होणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली खरोखर क्रीडा उपयोगाच्या आहेत का, हे तपासताना लष्करी लक्षणांची जी यादी केली, त्यात संगीन आणि ग्रेनेड लाँचरसोबत बायपॉडचाही समावेश होता. आज त्याच देशात बायपॉड ही शिकारीच्या साहित्याच्या दुकानातील नेहमीची वस्तू आहे. हॅरिस, अॅटलस, मॅगपुल या अमेरिकी आणि एमडीटी या कॅनडातील कंपनीची नावे या बाजारात प्रामुख्याने घेतली जातात.

एका मिलिमीटरने काय बिघडते?

बायपॉडचे महत्त्व समजण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. खांदा आणि बायपॉड यांच्यातील अंतर ८० सेंटिमीटर धरू. गोळी सुटताना पुढचे टोक फक्त एक मिलिमीटर वर सरकले, तर १०० मीटरवर गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर वर लागते. २०० मीटरवर हीच चूक २५ सेंटिमीटर होते. हातात धरलेली रायफल श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर यापेक्षा कितीतरी जास्त हलते. पाय जमिनीवर टेकले की हे हलणे मोठ्या प्रमाणात कमी होते.

मात्र बायपॉड रायफलला जखडून ठेवत नाही. काडतुसातील दारू पेटल्यानंतर गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक ते दीड सहस्रांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकायला सुरुवात झालेली असते. पाच किलोच्या रायफलमध्ये हे सरकणे एक-दोन मिलिमीटर असते. म्हणजे गोळी नळीत असतानाच रायफल हललेली असते. हे हलणे थांबवता येत नाही, पण प्रत्येक गोळीला ते सारखे ठेवता येते. पहिल्या गोळीला रायफल सरळ मागे गेली आणि दुसऱ्या गोळीला डावीकडे उसळली, तर नेम तोच असूनही दोन गोळ्या दोन ठिकाणी लागतात. त्यामुळे बायपॉड किती घट्ट आहे यापेक्षा तो दर वेळी सारखाच वागतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

शिकाऱ्याची गरज काय असते?

स्कॉटलंडचे डोंगर, आल्प्स किंवा अमेरिकेचा पश्चिम भाग येथे परवान्यावर हरणांची शिकार होते. तेथील शिकारी दिवसभर चढ-उतार चालतो आणि गोळी झाडण्याची संधी एखादीच मिळते. त्यामुळे त्याच्यासाठी वजन हा पहिला निकष असतो. कार्बन फायबरचे हलके बायपॉड दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळतात, तर स्पर्धेचे भक्कम बायपॉड सहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत जातात. दुसरा निकष उंचीचा. पालथे झोपून नेम धरण्यासाठी सहा ते नऊ इंचांचा बायपॉड पुरतो. पण समोर गुडघाभर गवत असेल, तर झोपल्यावर काहीच दिसत नाही. मग बसून नेम धरावा लागतो आणि त्यासाठी साधारण १३ ते २७ इंच वाढणारे लांब पाय लागतात. पाय जितके लांब, तितके ते जास्त लवचिक, हा तोटा मात्र स्वीकारावा लागतो.

तिसरा निकष आवाजाचा. स्प्रिंगच्या जोरावर खटकन उघडणारे पाय शांत जंगलात दूरवर ऐकू जातात. उतारावर एक पाय लांब आणि एक आखूड करता येणेही गरजेचे असते.

शिकारीत चुकीची किंमत वेगळी असते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम वीतभर असतो. वरच्या गणितातील एका मिलिमीटरची चूक २०० मीटरवर त्या वीतभर जागेच्या बाहेर जाते. परिणामी प्राणी जागीच न मरता जखमी होऊन पळतो आणि तासन् तास तडफडतो. म्हणूनच स्थिर टेकू मिळत नसेल तर गोळी झाडायची नाही, हा जबाबदार शिकारीचा पहिला नियम मानला जातो.

स्पर्धेतील निकष वेगळे कसे?

बायपॉडला परवानगी असलेल्या स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला ‘एफ-क्लास’. कॅनडातील नेमबाज जॉर्ज फार्क्वारसन यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून हे नाव पडले. यात स्पर्धक झोपून एक हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१४ मीटरपर्यंत, नेम साधतात. अमेरिकी नियमांनुसार या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ दहा इंचांचे असते आणि त्याच्या आतले ‘एक्स’ वर्तुळ पाच इंचांचे. ‘एफ-टीआर’ या उपप्रकारात बायपॉड वापरता येतो, पण दुर्बीण आणि बायपॉड धरून रायफलचे वजन सव्वाआठ किलोपेक्षा जास्त चालत नाही. बायपॉडवर वाढवलेला प्रत्येक ग्रॅम नळी किंवा दुर्बिणीतून कमी करावा लागतो. इथे वाहून नेण्याचा प्रश्न नसल्याने स्पर्धक रुंद पायांचे आणि खाली स्कीसारख्या पट्ट्या असलेले बायपॉड वापरतात. रायफल धक्क्याने सरळ मागे घसरावी आणि पुन्हा त्याच रेषेत पुढे यावी, हा त्यामागचा हेतू असतो.

दुसरा प्रकार ‘प्रिसिजन रायफल सीरिज’. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या स्पर्धांत ठरावीक वेळेत, बहुधा दीड-दोन मिनिटांत, वेगवेगळ्या अंतरांवरील लोखंडी लक्ष्ये टिपायची असतात. कधी छपराच्या उतारावरून, कधी टायरवरून, कधी लाकडी अडथळ्यावरून. इथे बायपॉड एका हाताने, न पाहता लांब-आखूड करता आला पाहिजे आणि रायफलखालच्या पट्टीवर पुढे-मागे सरकवता आला पाहिजे. एफ-क्लासमधील उत्तम बायपॉड या स्पर्धेत जवळपास निरुपयोगी ठरतो. म्हणून ‘सर्वात चांगला बायपॉड कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

जोडणी : जुन्या पद्धतीच्या शिकारी रायफलला पट्टा अडकवण्यासाठी छोटी खुंटी असते, तिलाच बायपॉड कसला जातो. नव्या रायफलींवर पिकाटिनी, एम-लॉक किंवा छायाचित्रकारांच्या ट्रायपॉडवरून आलेली आर्का पट्टी असते. आपल्या रायफलवर कोणती जोडणी आहे हे आधी पाहावे. स्वस्त अडॅप्टर मध्ये घातला की तिथेच ढिलेपणा येतो.

दस्त्याचा कडकपणा : अनेक स्वस्त रायफलींचा दस्ता प्लास्टिकचा असतो. बायपॉडवर भार दिला की त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकतो आणि नेम बदलतो. हे तपासणे सोपे आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालावी, बायपॉडवर भार द्यावा आणि पट्टी सरकते का ते पाहावे. ती अडकली, तर दोष बायपॉडचा नसून दस्त्याचा आहे.

कलण्याची सोय : जमीन सपाट नसेल तर रायफल एका बाजूला कलते. .३०८ काडतुसाच्या रायफलमध्ये पाच अंशांच्या कलण्याने ५०० मीटरवर गोळी वीस सेंटिमीटरहून अधिक बाजूला जाऊ शकते. म्हणून पाय न हलवता रायफल सरळ करता यावी आणि त्या स्थितीत घट्ट बसवता यावी. फक्त कलणारा, पण घट्ट न बसणारा बायपॉड डोलत राहतो.

तळवे : सिमेंटवर रबर चांगले पकडते, मातीत टोकदार खिळे रुततात. सिमेंटवर खिळे लावले तर रायफल प्रत्येक गोळीला उसळते. तळवे बदलता येणारा बायपॉड घेणे त्यामुळे फायद्याचे.

पायांची पकड : पाय पूर्ण लांब करून रायफलवर भार द्यावा. पाय आत घसरले किंवा दुमडायला लागले, तर तो बायपॉड नाकारावा. थोडासा खुळखुळा मात्र चालतो. रायफल खांद्याने किंचित पुढे रेटली की तो निघून जातो. अनुभवी नेमबाज हे रेटणे प्रत्येक गोळीला सारखेच ठेवतात.

मैदानावर चाचणी कशी घ्यावी?

अधिकृत शूटिंग रेंजवर, एकाच दिवशी आणि एकाच खोक्यातील काडतुसे वापरून चाचणी घेतली तरच निष्कर्षाला अर्थ राहतो. आधी वाळूच्या पिशवीवरून पाच-पाच गोळ्यांचे तीन गट आणि मग बायपॉडवरून तेवढेच गट झाडावेत. एकाच गटावर निर्णय घेऊ नये, कारण पाच गोळ्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. गट किती लहान आहे यासोबत त्याचा मध्यबिंदू कुठे आहे हेही नोंदवावे. बायपॉडमुळे गट तेवढाच राहिला पण दोन इंच वर सरकला, तर दुर्बीण बायपॉडवरच जुळवून घ्यावी लागेल. त्यानंतर बायपॉड काढून पुन्हा लावावा आणि गट त्याच जागी पडतो का ते पाहावे. शेवटी गवत, माती आणि सिमेंट अशा तीन पृष्ठभागांवर हाच प्रयोग करावा. महागड्या बायपॉडचे वेगळेपण या शेवटच्या दोन चाचण्यांत दिसते. ते तिथेही दिसले नाही, तर जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ऑलिम्पिकमध्ये बायपॉड का नाही?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत शरीर स्थिर ठेवण्याचे कौशल्यच तपासले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने गोळ्या झाडाव्या लागतात. पहिल्या दोन स्थितींत हाताला पट्टा बांधता येतो, उभ्याने तोही नाही. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. या खेळात उतरू इच्छिणाऱ्यांनी बायपॉडवर पैसे घालण्यापेक्षा नेमबाजीचे जाकीट, पट्टा आणि सराव यांवर घालावेत. बायपॉडवर झालेला सराव या स्थितींत उपयोगी पडत नाही.

भारतात बायपॉड घेणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे?

आपल्याकडे बायपॉडचा बहुतांश हौशी वापर एअर रायफलवर होतो. त्यातील स्वस्त रायफली स्प्रिंग आणि पिस्टनवर चालतात. चाप ओढल्यावर पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफलला आधी मागे, मग पुढे असा दुहेरी धक्का बसतो. छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच हे सुरू होते. कडक टेकूवर अशी रायफल दर वेळी वेगळी उसळते आणि गट लहान होण्याऐवजी पसरतो. अशा रायफलचा पुढचा भाग उघड्या तळहातावर सैल ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ‘पीसीपी’ रायफलला धक्का नगण्य असल्याने तिच्यावर बायपॉडचा खरा फायदा होतो.

दुसरी बाब कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार संरक्षित वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या शिकारीवर बंदी आहे. शिकारीचा प्रयत्न करणेही याच व्याख्येत येते आणि एअर रायफलने पक्षी टिपणे त्याला अपवाद नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांना मारण्यासाठी कायद्याच्या कलम ११ मध्ये तरतूद आहे, मात्र त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. शेतमालकाने स्वतःहून निर्णय घेऊन चालत नाही. त्यामुळे परदेशी चित्रफितींतील शिकारीचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. भारतातील हौशी नेमबाजासाठी बायपॉडचा उपयोग रेंजवरील कागदी लक्ष्यापुरताच आहे, आणि त्यासाठी मध्यम किमतीचा, उंची कमी असलेला, तळवे बदलता येणारा आणि कलून घट्ट बसणारा बायपॉड पुरेसा आहे.