धुराडे कुणाचे, चित्र कुणाचे?

बंद कारखान्याच्या गंजलेल्या पत्र्यात आणि भिंतीतून उगवलेल्या पिंपळात अलीकडे कलावंतांना मोठे सौंदर्य दिसू लागले आहे. लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ साली बंद पडले आणि २०००मध्ये तिथे टेट मॉडर्न हे कलादालन उघडले, हा दाखला हमखास दिला जातो. त्याला आमची हरकत नाही. पण तोच चष्मा लावून कुणी तुमसरला येणार असेल, तर आम्हाला चार प्रश्न विचारायचे आहेत.

तुमसरजवळचा युनिव्हर्सल फेरोचा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला, तो खनिज संपले म्हणून नव्हे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज आजही निघते. (बुजुर्ग हा शब्द फारसी आहे, हे इथल्या शेतकऱ्याला सांगून पाहा, तो हसेल!) हे खनिज कोळशासह विद्युतभट्टीत वितळवून फेरोमँगनीज करायचे, तर वीज अफाट लागते. विजेचा दर परवडेनासा झाला की भट्टी विझते आणि कामगार पोटासाठी नागपूरची वाट धरतो. छायाचित्रात धुराडे येते, वीजबिल येत नाही.

मुंबईत काय झाले? १९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडले. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे आज मॉलच्या आवारात शोभेला उभे आहे. धुराडे जपले, ज्यांनी त्याचा धूर गिळला ते मात्र हद्दपार झाले.

आमच्या मुस्लिम मराठी लेखकांनाही आम्ही यातून सोडणार नाही. अस्मितेवर, दंगलीवर आपण लिहिले. लिहायलाच हवे होते. पण भंडाऱ्याची पितळी भांडी घडवणारे हात, विड्या वळणाऱ्या आमच्या आयाबहिणी, भट्टीवरचे मजूर आपल्या साहित्यात किती आले? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल गिरणीत राबले आणि मग शाहीर अमर शेख झाले. त्यांना कारखान्याच्या भग्नावशेषाची गरज पडली नाही, चालू कारखानाच पुरला.

भट्टीवर राबलेली माणसे अजून आपल्यात आहेत. कॅमेरा नंतर काढा, आधी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसा. कोणती पाळी, किती ताप, दम्याचे औषध कुठून आणता, हे विचारा. चित्राखाली चित्रकाराच्या नावाशेजारी त्यांचेही नाव, त्यांच्या संमतीने, लिहा. तोवर कोणत्याही बंद पडलेल्या कारखान्याचे फाटक चित्रप्रदर्शनासाठी उघडायला आमची ना आहे.