किनाऱ्यावरचे साक्षीदार

इस्तंबूल शहराच्या मधून जाणारी बोस्फरसची सामुद्रधुनी सुमारे ३० किलोमीटर लांब असून तिची रुंदी एके ठिकाणी ७०० मीटरांवर येते. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात उतरू पाहणाऱ्या जहाजांना दुसरी वाट नाही. १९३६ च्या माँत्रो करारान्वये शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना येथून मुक्त संचार आहे. या सामुद्रधुनीच्या काठावर कॅमेरा रोखून बसणारे आणि जाणाऱ्या मालवाहू जहाजांची छायाचित्रे टिपणारे काही छांदिष्ट आहेत. योरुक इशिक हे त्यांपैकी आज सर्वाधिक परिचित नाव. पोस्टाची तिकिटे जमविण्याइतकाच निरुपद्रवी, आणि व्यवहारी माणसाच्या दृष्टीने तितकाच निरुपयोगी, असा हा छंद वाटतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

मालवाहू जहाजाचे एक स्वच्छ छायाचित्र बरेच काही सांगते. जहाजाचे नाव पुसून नवे रंगविता येते, मालक बदलता येतो, ध्वजही बदलता येतो; परंतु आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेनुसार मिळालेला सात आकडी क्रमांक जहाज मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. २००४ पासून तो जहाजाच्या बाह्यांगावर दिसेल असा कायमचा कोरण्याचे बंधन आहे. जहाज पाण्यात किती बुडाले आहे यावरून ते भरलेले की रिकामे, हेही कळते. सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या आंदोलनामुळे ब्रिटनमध्ये १८७६ साली भाररेषेचा कायदा झाला. प्रमाणाबाहेर माल लादून खलाशांचे जीव धोक्यात घालणाऱ्या मालकांना वेसण घालणारी ती रेषा किनाऱ्यावरील कोणालाही वाचता यावी, यातच तिचे सामर्थ्य होते.

आज मोठ्या जहाजांवर स्वतःचे स्थान कळविणारी स्वयंचलित यंत्रणा असते. मग छायाचित्राची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की ही यंत्रणा बंद करता येते आणि तिच्याद्वारे खोटे स्थानही कळविता येते. निर्बंध चुकवून तेल वाहणारी जुनी, संशयास्पद मालकीची जहाजे नेमके हेच करतात. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर व्याप्त बंदरांतून धान्य हलविले जात असल्याचा आरोप झाला, तेव्हा पत्रकारांनी उपग्रहचित्रांच्या जोडीला बोस्फरसच्या काठावरील छायाचित्रांचाही आधार घेतला. अर्थात छायाचित्र हा संपूर्ण पुरावा नव्हे. जहाज अमुक दिवशी अमुक ठिकाणी होते एवढे ते सांगते. पोटातील धान्य कोणाच्या शेतातले, हे सांगत नाही. परंतु कागदपत्रांशी ताडून पाहण्यास एक स्वतंत्र साक्ष मिळते, हे थोडके नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक मर्म आहे. बाजारात माहितीला किंमत असते, आणि जहाजवाहतुकीची तपशीलवार माहिती ज्यांना परवडते त्यांनाच विकत मिळते. छांदिष्ट निरीक्षक तीच माहिती सर्वांसाठी खुली करतो. नफ्याच्या हिशेबात न बसणारे सार्वजनिक हिताचे काम अशा रीतीने निव्वळ आवडीपोटी होऊन जाते.

भारताला या विषयाशी कर्तव्य नाही, असे म्हणता येणार नाही. आपल्या परदेशी व्यापारातील मालापैकी वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. तरीही मुंबईसारख्या बंदरामुळे वाढलेल्या शहरात पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग सामान्य नागरिकाला दीर्घकाळ बंदच राहिला. बंदराच्या आसपास कॅमेरा काढला की संशयाची नजर वळते. हा संशय सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. मुंबईत नौदलाची गोदी आणि व्यापारी बंदर शेजारी शेजारी आहेत, आणि नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोर समुद्रमार्गेच शहरात उतरले होते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा नौदलाच्या ठाण्यांना संरक्षण देतो, ते योग्यच आहे.

प्रश्न आहे तो सीमारेषेचा. युद्धनौका आणि नौदलाची ठाणी वर्ज्य असावीत, याबद्दल दुमत नाही. परंतु सार्वजनिक रस्त्यावरून उघड्या डोळ्यांना दिसणारे व्यापारी जहाज टिपल्याने देशाचे कोणते गुपित फुटते? २००१ साली ग्रीसमध्ये विमाने पाहत हिंडणाऱ्या चौदा परदेशी हौशी मंडळींना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, खालच्या न्यायालयात शिक्षाही झाल्या. त्या पुढे अपिलात टिकल्या नाहीत. छंद आणि हेरगिरी यांत फरक न करणारी यंत्रणा निरपराधांना छळते आणि खऱ्या हेराच्या मागावर घालवायचा वेळ वाया दवडते.

यास्तव शासनाने कोठे छायाचित्रण चालेल आणि कोठे नाही, याचे नियम स्पष्ट शब्दांत जाहीर करावेत, आणि ते किनाऱ्यावरील पोलीस शिपायापर्यंत पोहोचवावेत. आपल्या मासेमारांना किनाऱ्यावरील संशयास्पद हालचालींची खबर देण्यास सांगितले जाते. मग जहाजांची बारकाईने नोंद ठेवणारा नागरिक तेवढा परका का मानावा? समुद्राकडे पाहणारे डोळे जितके अधिक, तितके ते किनाऱ्याच्या हिताचेच आहे.