दार कुणाच्या हाकेने उघडते?

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. रँडसाहेबाचे सोजीर घरोघरी शिरले. देवघरही सुटले नाही. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच साथीत शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालविला. प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या.

रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय दोन्हीकडे एकच. फरक होता तो विश्वासाचा.

तोच कायदा २०२० साली कोरोनात आपल्या बुलढाण्यालाही लागू झाला. कायदा हवाच, पण धाकाने दार उघडते, मन उघडत नाही. लस घेऊन आलेल्या नर्सबाईंना पाहून कुणी दार लावले, तर त्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावची गटारे उपसतो. तेवढ्यावर न थांबता ओट्यावर बसून लोकांची भीतीही ऐकू या. गावच्या पोराची हाक ओळखीची असते.