पिशवीवर काय लिहिले आहे?

नरकचतुर्दशीला कारीट फोडून पोह्यांना बसलेल्या माणसाने भांडण काढू नये, असा आमच्या कोकणात संकेत आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. नोकरीच्या जाहिरातींत हल्ली काही शब्द मोठ्या डौलाने मिरवत असतात. ते धूसर ठेवण्यात ज्यांचा फायदा आहे, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची पदवी घेऊन बोर्ली पंचतनला आईजवळ राहते. एके दिवशी ती धावतच आली. "मामा, नोकरी 'रिमोट' आहे! इथूनच काम करायचं. मुंबईला खोली नको, खानावळ नको!" बहिणीने देवापुढे साखर ठेवली. दोन मुलाखती पार पडल्या. तिसऱ्या खेपेस, जणू काही किरकोळ गोष्ट आहे अशा सुरात, तिला सांगण्यात आले, की पहिले तीन महिने घरून काम आणि पुढे आठवड्यातून तीन दिवस नवी मुंबईच्या कचेरीत हजेरी. "मग जाहिरातीत रिमोट कसं लिहिलंत?" असे तिने विचारले. उत्तर आले, "हायब्रिड हाही रिमोटचाच प्रकार आहे."

आता हायब्रिड म्हणजे काय, हे बोर्लीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ साली 'सह्याद्री' नावाचा संकरित भाताचा वाण दिला. संकरित भात जोमाने येतो, पण त्याचे बी राखून पुढच्या साली पेरण्यात अर्थ नसतो. दरसाल नवे विकत आणावे लागते. हे आम्हांला ठाऊक असते आणि ठाऊक असूनच आम्ही ते घेतो. हायब्रिड नोकरीचेही तसेच आहे. तीन दिवस तिकडे म्हणजे तिकडे खोली आली, आणि इकडे आई आहे म्हणून हे घरही चालवणे आले. पगार एक आणि चुली दोन! कुणाला हा हिशेब परवडेलही. पण तो हिशेब आधी मांडू द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

नोकरीपायी गाव सोडणे आमच्या तालुक्याला नवे नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले. त्यानंतर आमच्या कित्येक पिढ्या मुंबईला गेल्या. पेशवे कुणी झाले नाही, पण मनिऑर्डरी मात्र येत राहिल्या. जाणाऱ्याला आपण जात आहोत हे निदान माहीत असे. आजच्या मुलीला 'जावे लागणार नाही' असे सांगून बोलावणे धाडतात, हा फरक मला सलतो.

घरून काम ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ साली तिला 'टेलिकम्युटिंग' असे नाव दिले. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम तारेवरून माणसाकडे यावे, असा त्यातला सरळ अर्थ. २०२० साली टाळेबंदी आली आणि आमचे चाकरमानी लॅपटॉप घेऊन माजघरात बसले, तेव्हा ती कल्पना आम्ही डोळ्यांनी पाहिली. पाठोपाठ ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ याच किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक दिवस गाव अंधारात राहिले. त्या दिवसांचा पगार मिळणार की कापणार, हे 'रिमोट' या एका शब्दात कुठे लिहिलेले असते?

म्हणून मी भाचीजवळ बसून हे शब्द एकेक करून सोलले. 'वर्क फ्रॉम होम' म्हणजे काम घरून, पण कचेरीचे गाव बहुधा ठरलेले. बोलावले की निघावे लागते. 'वर्क फ्रॉम एनीव्हेअर' म्हणजे कुठूनही, पण या 'कुठूनही'लाही कुंपण असते. दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांसारख्या कामांसाठी जे नियम केले, त्यांत त्याचा अर्थ 'भारतात कुठूनही' असा होता. 'असिंक्रोनस' म्हणजे सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. तो शब्द नसेल, तर अमेरिकेची सकाळ ही आपली रात्र असते, हे ध्यानात धरावे. 'फ्लेक्सिबल' म्हणजे लवचीक. पण वाकायचे कुणी, हे विचारून घ्यावे. आणि 'फ्रीलान्स' म्हणजे कामापुरता मोबदला. भविष्यनिर्वाह निधी आणि भरपगारी रजा त्यात धरू नयेत.

यावर दोन आक्षेप येतील. मालक म्हणेल, "परिस्थिती बदलते, आम्ही तरी काय करणार?" बदलते, कबूल. मग बदलण्यापूर्वी किती दिवस आधी कळवणार, तेवढे लिहा. वडीलधारी माणसे म्हणतील, "इतके प्रश्न विचारणाऱ्या पोरीला नोकरी कोण देणार?" त्यांना माझे विचारणे आहे, की बियाण्याच्या दुकानात पिशवी उलटून पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपण उद्धट म्हणतो का? १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्तीचे आणि शुद्धतेचे किमान प्रमाण छापावे लागते. ज्या भातावर आमचे एक साल अवलंबून, त्याची एवढी काळजी. आणि ज्या शब्दावर लेकरांचे आयुष्य बेतायचे, त्यावर चिठ्ठी नको?

केंद्राच्या श्रम मंत्रालयाने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा काढला, त्यात घरून कामाची मुभा होती. पण ती नेमणुकीच्या अटींना किंवा मालक-कामगारांतील कराराला धरून. अर्थात सारे येऊन ठेपते ते नेमणुकीच्या कागदावर. जाहिरातीतला शब्द कितीही गोड असो, कागदावर नसेल तर त्याच्यावर घर बांधू नये.

शब्द इंग्रजी आहेत म्हणून मी रागावलेलो नाही. याच जिल्ह्यातल्या रायगडावरून राज्य करणाऱ्या शिवछत्रपतींनी कारभारातल्या शब्दांचा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. शब्द नेमके असावेत, ही काळजी राज्यकर्त्याने घेण्याजोगी आहे, एवढे त्यावरून मी शिकलो.

भाचीने ती नोकरी नाकारली. घरात दोन दिवस कुणी धड बोलले नाही. तिचीही रात्रीची झोप उडाली होती, हे मला ठाऊक आहे. आता तिच्या टेबलासमोर पाच प्रश्नांचा कागद चिकटवलेला आहे. कचेरीत किती दिवस आणि कोणत्या गावी? कामाची वेळ कोणत्या देशाची? यंत्र, वीज आणि इंटरनेटचा खर्च कुणाचा? वीज गेली तर पगाराचे काय? आणि हे सारे नेमणूकपत्रात लिहून देणार काय?

या दिवाळीत आपल्या घरीही कुणी मुलगा-मुलगी नोकरी शोधत असेल. "लागली का?" असे विचारण्याआधी हा कागद त्याच्या हाती द्या. आणि त्यापायी एखादी नोकरी हुकली, तर त्याला बोल लावू नका.