'इन्सोम्निया': मूळ सिनेमातला साहेब सुटून जातो, रिमेकमधला पस्तावतो

आज एका सिनेमावर लिहितोय. पोस्ट जरा मोठी आहे, पण विषय शेवटी आपल्या परभणीपर्यंत येतो, म्हणून पूर्ण वाचा. सिनेमाचा शेवटही सांगणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

'इन्सोम्निया' म्हणजे निद्रानाश. या नावाचे दोन सिनेमे आहेत. मूळ सिनेमा १९९७ चा, नॉर्वेचा, दिग्दर्शक एरिक शोल्डब्यार्ग. २००२ मध्ये क्रिस्टोफर नोलनने हॉलिवूडमध्ये त्याचा रिमेक केला, अल पचिनो आणि रॉबिन विल्यम्सला घेऊन. आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिलाय तो हा दुसरा.

गोष्ट दोन्हीकडे जवळपास एकच. उत्तर ध्रुवाकडचं गाव, उन्हाळ्यात तिथं रात्रीही सूर्य मावळत नाही. एका शाळकरी मुलीचा खून होतो. तपासाला बाहेरून एक नावाजलेला पोलीस अधिकारी येतो. खुन्यासाठी सापळा लावतात, दाट धुकं असतं, साहेब गोळी झाडतो आणि ती लागते त्याच्याच सोबत्याला. सोबती मरतो. साहेब सांगून मोकळा होतो की गोळी खुन्यानं झाडली. पण खुन्यानं सगळं पाहिलेलं असतं. तिथून पुढं साहेबाची झोप उडते.

आता फरक बघा. खोटा पुरावा उभा करायला साहेबाला खुन्याच्या पिस्तुलातून झाडलेली गोळी पाहिजे असते, तीही मांसात घुसलेली. नॉर्वेच्या सिनेमात तो त्यासाठी एक जिवंत कुत्रं मारतो. रिमेकमध्ये कुत्रं आधीच मेलेलं असतं. एवढासा बदल, पण रिमेकनं काय ठरवलंय ते यातच कळतं. प्रेक्षकाला साहेबाचा राग येऊ द्यायचा नाही.

दुसरा फरक भूतकाळाचा. मूळ सिनेमातला एंगस्ट्रॉम (स्टेलान स्कार्सगार्डनं जबरदस्त काम केलंय) एका साक्षीदार बाईशी संबंध ठेवल्यानं आधीच बदनाम झालेला आहे. त्यात उदात्त काही नाही. पचिनोच्या डॉर्मरनंही पूर्वी खोटा पुरावा पेरलाय, पण एका लहान मुलाच्या खुन्याला शिक्षा व्हावी म्हणून. म्हणजे चूक, पण चांगल्या हेतूची! रिमेक टाकाऊ नाही. हेतू चांगला असेल तर खोटा पुरावा चालतो का, हा प्रश्न तो नीट विचारतो. पण उत्तर देताना साहेबाला सांभाळून घेतो.

आणि खरा फरक शेवटाचा. दोन्हीकडे एक स्थानिक महिला पोलीस आहे. तिला गोळीची रिकामी पुंगळी सापडते आणि सगळा उलगडा होतो. रिमेकमध्ये मरणाच्या दारातला साहेबच तिला ती पुंगळी फेकू देत नाही. तो सन्मानानं मरतो, सत्य वाचतं, आपण डोळे पुसत उठतो. मूळ सिनेमात ती पुंगळी साहेबापुढं टेबलावर ठेवते आणि निघून जाते. बस्स. साहेब गाडीत बसून गाव सोडतो. चौकशी नाही, शिक्षा नाही.

मला मूळ सिनेमा मोठा वाटतो तो इथं. ती बाई भ्रष्ट नाही. कुणाचे पैसे खाल्ले नाहीत तिनं. उलट सगळ्यात मन लावून तपास तिनंच केला. तरीही ती गप्प बसते. आपल्या खात्यातल्या माणसावर बोट ठेवणं चांगल्या माणसालाही किती जड जातं, हे हॉलिवूडला दाखवता आलं नाही.

आपलं तर हॉलिवूडच्याही पुढं आहे. 'सिंघम' (२०११) हाही रिमेकच, २०१० च्या तमिळ सिनेमाचा. त्यात पोलीसच खलनायकाला संपवतात, कोर्टाचं काम पडतच नाही, आणि आपण शिट्ट्या मारतो. साहेबाचा हेतू चांगला आहे ना, मग कागद कशाला बघायचे?

कागद कशाला बघायचे, हे परभणीकरांनी तरी विचारू नये. १० डिसेंबर २०२४ ला आपल्या शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. त्यात पकडलेला, कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. नाव इथं सगळ्यांना पाठ आहे. गुन्हा नोंदवावा म्हणून त्याच्या आईला हायकोर्टात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तसा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही आदेश कायम राहिला. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. पण साधा गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने का लागावेत?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पोलिसांत चांगली माणसं आहेत, भरपूर आहेत. पण कोणाच्या पश्चात्तापावर न्याय सोडता येत नाही. त्यासाठी नियम आहेत. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या डिसेंबरातच सांगितलंय: अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. डिसेंबर २०२० मध्ये आणखी एक आदेश आला. प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा सीसीटीव्ही, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर जपायचं.

तेव्हा जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, पालम, जिथं असाल तिथल्या ठाण्याबद्दल माहितीच्या अधिकारात विचारा. कॅमेरे किती, चालू किती, रेकॉर्डिंग किती दिवसांचं? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आलेलं उत्तर इथं कमेंटमध्ये टाका. एकेका ठाण्याची यादी आपण मिळून करू.

आणि हो, नॉर्वेचा सिनेमा नक्की बघा. शेवटच्या अंधारात एंगस्ट्रॉमचे नुसते डोळे चमकत राहतात. सुटलाय तो, पण झोप काही लागलेली नाही.