पिशवी गेली, त्रास मात्र राहिला

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील किती तरी बायकांची पिशवी अशा, बहुतेकदा औषधाने आटोक्यात येणाऱ्या तक्रारींवरून काढली गेली. धाराशिवमधूनही दरवर्षी कोयत्याच्या टोळ्या जातात. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे शेजारच्या बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. चर्चा गर्भाशयापाशीच थांबली. अंडाशयांचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

प्रश्न खरा तिथेच आहे. अंडाशयांतून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यातील साखरेवर लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचे दही करणारेही याच कुळातले. या आम्लामुळे तिथला सामू साधारण ४.५च्या खाली राहतो आणि रोगजंतूंना थारा मिळत नाही. अंडाशये काढली, की हे इस्ट्रोजेन आटते. अस्तर पातळ होते, सामू ५च्या वर जातो, लॅक्टोबॅसिलस घटतात. मग कोरडेपणा, आग, खाज, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग. म्हणजे ज्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झाली, तसाच त्रास पुन्हा दारात.

अंडाशये जागेवर ठेवली तरी त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन ती काही वर्षे आधी थकू शकतात. चाळिशीच्या आत असे झाले, तर एरवी पाळी बंद पडल्याने ते कळते. गर्भाशयच नसलेल्या बाईला ती खूणही मिळत नाही. हाडे आणि हृदयाचे नुकसान तर आणखी उशिरा दिसते.

उपचार अवघड नाहीत. इस्ट्रोजेनचे मलम योनीत लावल्यास सामू खाली येतो, लॅक्टोबॅसिलस बऱ्याच जणींमध्ये परततात. अकाली रजोनिवृत्तीत नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्यांचा निर्णय मात्र तज्ज्ञानेच घ्यावा. नुसत्या प्रतिजैविकांच्या गोळ्या वारंवार देऊन मूळ कारण जात नाही, उलट उरलेसुरले उपयोगी जिवाणूही मरतात.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये राज्यांना गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. त्यात जिल्हा देखरेख समित्या आहेत. या समित्यांनी गर्भाशयांची मोजदाद करताना आणखी एक रकाना भरून घ्यायला हवा: अंडाशये ठेवली की काढली? फडावरून परतलेल्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर एवढे लिहिलेले असले, तरी गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरला उपचार कुठून सुरू करायचा ते कळेल.